‘मावशी, कसं झालं?’ : विद्यार्थ्यांच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’विषयी

प्रश्न : माझ्या भाचीच्या महाविद्यालयातील इंग्रजी विभागाच्या मुलांनी शेक्सपिअरचे ‘ट्वेल्फ्थ नाइट’ हे विनोदी नाटक इंग्रजीतच केले. भाचीने त्यात मारियाची भूमिका केली. मी बँकेतून निवृत्त झाले आहे; शेक्सपिअर शाळेत धड्यापुरता वाचलेला. मध्यंतरापर्यंत मी हसले, पण गोष्ट नीट कळली नाही. सर टोबी हा ऑलिव्हियाचा नवरा असावा असे मला बराच वेळ वाटत होते, आणि शेवटी रडवेला झालेला तो खलाशी कोण, हे कळलेच नाही. पत्राच्या प्रसंगात कुंड्यांमागे लपलेल्या तिघांच्या गडबडीत पत्रच ऐकू आले नाही. मुले फार ओरडत होती. दारूच्या प्रसंगात ती मध्येच मराठी बोलू लागली तेव्हा सभागृह खळखळून हसले. पुढे त्या कारभाऱ्याला अंधाऱ्या खोलीत कोंडतात, तेव्हाही सगळे हसत होते आणि मला मात्र कसेतरीच झाले. भाचीचाच राग आला. शेवटचे गिटारवरचे गाणे आवडले. नंतर भाचीने ‘मावशी, कसं झालं?’ असे विचारले आणि मी ‘छान झालं’ म्हणून मोकळी झाले. विनोदी नाटकात मला हसू आले नाही हा माझा अडाणीपणा आहे का? आणि तिला आता काय सांगावे?

उत्तर : मी तो प्रयोग पाहिलेला नाही, त्यामुळे त्यावर निकाल देण्याचा अधिकार मला नाही. पण गेली तीसेक वर्षे महाविद्यालयीन मुलांची नाटके बसवताना, आणि बसवली त्याहून कितीतरी जास्त पाहताना, प्रेक्षकांचे जे बोलणे कानावर पडले त्याच्या तुलनेत तुमचे पत्र फार कामाचे आहे. त्यात ‘मजा आली’ किंवा ‘काही जमले नाही’ असे ठोकळ शेरे नाहीत. कुठे काय ऐकू आले नाही, कोण कोणाचे कोण वाटले आणि कुठे हसू थांबले याची नोंद आहे. दिग्दर्शकाला प्रेक्षकाकडून हेच हवे असते आणि नेमके हेच कोणी देत नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो : अंधाऱ्या खोलीच्या प्रसंगात तुम्हाला हसू आले नाही यात अडाणीपणाचा भाग काहीही नाही. ती अस्वस्थता नाटकातच लिहिलेली आहे, आणि कोणाच्या तोंडी, ते पुढे सांगतो.

या नाटकाविषयी प्रेक्षकाने लिहून ठेवलेले सर्वांत जुने मत एका विद्यार्थ्याचेच आहे. २ फेब्रुवारी १६०२ रोजी लंडनमधील मिडल टेंपल या वकिलीच्या शिक्षणसंस्थेच्या सभागृहात सणाच्या मेजवानीनिमित्त हे नाटक झाले, आणि तिथे कायदा शिकणाऱ्या जॉन मॅनिंगहॅम याने आपल्या रोजनिशीत त्याची मोजक्या ओळींत नोंद केली. (ते सभागृह आजही उभे आहे. चारशे वर्षे झाली म्हणून २००२ साली ग्लोब नाट्यगृहाच्या मंडळींनी याच सभागृहात पुन्हा हे नाटक केले.) मॅनिंगहॅमने ना पुरुषवेषात वावरणाऱ्या नायिकेचे, व्हायोलाचे, नाव घेतले आहे, ना ती ज्याच्या पदरी राहते त्या ड्यूक ऑर्सिनोचे, ज्या प्रेमाच्या गुंत्यावर आज अभ्यासक पानेच्या पाने लिहितात त्याबद्दल तिथे अवाक्षर नाही. गोष्टीवरून त्याला जुळ्यांच्या आधीच्या नाटकांची आठवण झाली, आणि मनापासून आवडला तो खोटे पत्र लिहून कारभाऱ्याला, म्हणजे माल्व्होलिओला, फसवण्याचा डाव. (ते पत्र मालकिणीच्या, म्हणजे ऑलिव्हियाच्या, नावाने लिहिते तिची दासी मारिया, तुमच्या भाचीने केलेली.) शिवाय त्याने ऑलिव्हियाला विधवा म्हटले आहे. ती विधवा नाही. तिचा भाऊ वारलेला आहे. पण घराची मालकीण असलेली, शोकाच्या काळ्या वेषात चेहऱ्यावर पडदा घेऊन वावरणारी बाई समोर दिसल्यावर त्या विद्यार्थ्याने सरळ निष्कर्ष काढला असावा. मला ही चूक फार मोलाची वाटते, कारण चारशे वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी रंगमंचावर काय दिसत असेल, हे त्याच्या बरोबर असलेल्या शब्दांपेक्षा या एका चुकीच्या शब्दातून जास्त कळते.

तुमची सर टोबीबद्दलची चूक याच जातीची आहे. टोबी हा ऑलिव्हियाचा नातेवाईक, ती त्याची पुतणी किंवा भाची. आपण त्याला काका म्हणू. तो तिच्या घरी राहतो, तिच्या खर्चाने पितो, आणि रात्री-अपरात्री मित्रांना गोळा करून गाणी म्हणतो. तुम्हाला तो नवरा वाटला, कारण विद्यार्थ्यांच्या नाटकात सगळेच विशीतले असतात : काका विशीतला, पुतणी विशीतली, कारभारी विशीतला. मग मुले केसांना पांढरी पावडर लावतात, पोटाला उशी बांधतात, आणि परिणामी आपल्याला उशी बांधलेला विशीतला मुलगा दिसतो. रंगमंचावरचे वय ज्याचे त्याला दाखवता येत नाही, ते समोरच्या नटाने द्यावे लागते. एका तालमीत मी ऑलिव्हिया करणाऱ्या मुलीला एवढेच सांगितले होते की टोबी आत आला की खुर्चीवर घेतलेले पाय खाली सोड. तिने पाय सोडले, ओढणी सारखी केली, आणि तो खारवलेल्या माशांना शिव्या देत ढेकर देऊ लागला तेव्हा मान दुसरीकडे वळवली. त्या दोन-तीन सेकंदांत सगळे नाते उभे राहिले : माणूस वडीलधारा आहे, तिच्याच घरात आहे, आणि तिला त्याची लाज वाटते. आपल्याकडच्या कुठल्याही मुलीला हे शिकवावे लागत नाही. फक्त इंग्रजी संवाद तोंडात आले की घरात रोज करत असलेल्या गोष्टी मुले विसरतात.

खलाशाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. तो अँटोनिओ. बुडत्या जहाजातून वाचलेल्या सेबॅस्टियनला, म्हणजे व्हायोलाच्या जुळ्या भावाला, त्याने सांभाळलेले असते, स्वतःची पैशांची थैली दिलेली असते, आणि त्याच्यासाठी शत्रूच्या गावात जीव धोक्यात घालून तो आलेला असतो. पुढे तो पुरुषवेषातल्या व्हायोलालाच सेबॅस्टियन समजतो, ती ‘मी तुम्हाला ओळखत नाही’ म्हणते, आणि त्याचे मन मोडते. दोन-अडीच तासांचे नाटक आटोक्यात आणताना मुलांची कात्री हमखास या दोघांच्या आधीच्या प्रसंगांवर चालते, कारण त्यांत हशा नाही. मग शेवटी हा माणूस कळवळतो आणि प्रेक्षक शेजाऱ्याला विचारतो, हा कोण? तुमच्या भाचीच्या चमूने तेच केले असावे असा माझा अंदाज आहे. जुळी भावंडे सारखी दिसत नव्हती अशी तक्रार तुम्ही केलेली नाही, म्हणजे दोघांचे कपडे एकसारखे असावेत. ऑर्सिनो ‘एक चेहरा, एक आवाज, एक वेष आणि माणसे दोन’ असे म्हणतो, त्यातला वेष सांभाळला की बाकीचे दोन प्रेक्षक आनंदाने मान्य करतो.

आता पत्राचा प्रसंग, जो मॅनिंगहॅमला लक्षात राहिला आणि तुम्हाला ऐकूच आला नाही. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत मी हा प्रसंग जितक्या वेळा बिघडलेला पाहिला आहे तितका दुसरा कुठला नाही, आणि दर वेळी कारण एकच असते : लपलेले तिघे. टोबी, त्याचा मित्र अँड्र्यू आणि ऑलिव्हियाच्या घरचा नोकर फेबियन झुडपात दडून माल्व्होलिओची फजिती पाहतात. महाविद्यालयात झुडूप म्हणजे व्हरांड्यातल्या क्रोटनच्या कुंड्या. त्या उचलून पुढे-मागे सरकणे, पानांतून डोके काढणे, एकमेकांच्या पायावर पाय देणे, यात तिन्ही मुलांना तालमीत इतकी मजा येते की दर तालमीला एक नवी करामत वाढते, आणि प्रयोगाच्या दिवशी पुढे उभे राहून पत्र वाचणारा बिचारा मुलगा सर्कशीच्या तंबूत तिकिटे विकणाऱ्यासारखा दिसू लागतो. मी या प्रसंगाची पहिली आठ-दहा दिवसांची तालीम त्या तिघांना बाहेर बसवून घेतो. माल्व्होलिओ एकटा विनोदी होत नसेल, तर कुंड्यांनी तो होणार नाही. तिघे आत आल्यावर नियम एवढाच की तो वाचत असताना कोणी हलायचे नाही. तो विचारात पडला की हवा तितका गोंधळ घाला.

आणि एकटा माल्व्होलिओ विनोदी होण्यासाठी शेक्सपिअरने काय काय ठेवले आहे पाहा. पत्र सापडण्याच्या आधीच तो मनोराज्यात रंगलेला आहे. ऑलिव्हियाशी लग्न होऊन तीन महिने झाले आहेत, आपण मखमली अंगरखा घालून बसलो आहोत, ती आत झोपलेली आहे, आणि आपण टोबीला बोलावणे धाडले आहे. त्याची वाट पाहताना आपण सहज कपाळाला आठ्या घालू, घड्याळाला किल्ली देऊ, किंवा आपल्या... इथे तो अडखळतो आणि ‘एखाद्या मौल्यवान रत्नाशी चाळा करू’ असे म्हणतो. का अडखळतो? कारण बोलता बोलता त्याचा हात सवयीने गळ्यातल्या साखळीकडे जातो, आणि ती साखळी कारभाऱ्याच्या नोकरीची खूण आहे. उमराव झाल्यावर ती गळ्यात नसणार, हे त्याला त्या क्षणी आठवते. म्हणजे स्वप्नातसुद्धा हा माणूस नोकरीचा पट्टा काढून ठेवायला विसरला होता. छापील संहितेत तिथे फक्त वाक्य तुटलेले दिसते. या एका तुटलेल्या वाक्यावर तालमीचा अर्धा तास घालवला, हात साखळीपर्यंत नेला, थांबवला आणि हळूच दुसऱ्या बोटावरच्या कल्पित अंगठीकडे वळवला, तर प्रेक्षक असा हसतो की कुंड्या हलवण्याची गरजच उरत नाही, आणि हसता हसता त्याला त्या माणसाची थोडी कीवही येते. ती कीव इथे पेरली गेली नाही, तर पुढे अंधाऱ्या खोलीत उगवणार कशी?

मुले ओरडत होती, असे तुम्ही लिहिले आहे. आपल्या महाविद्यालयांची सभागृहे, वर गरगरणारे पंखे आणि पडद्यामागे चाललेली कुजबुज पाहता मुलांना आवाज चढवावासा वाटतो हे मी समजू शकतो, परंतु ऐकू न येण्याचे खरे कारण आवाज लहान असणे हे बहुधा नसतेच. मराठी वाक्याच्या शेवटी सहसा क्रियापद येते, आणि ते ‘आहे’ असणार की ‘होते’, हे ऐकणाऱ्याने बहुतेक वेळा आधीच ओळखलेले असते. म्हणून आपण बोलताना वाक्याचे शेपूट नकळत सोडून देतो आणि काही बिघडत नाही. इंग्रजी विनोदी गद्यात मात्र हशाचा शब्द पुष्कळदा अगदी टोकाला ठेवलेला असतो. माल्व्होलिओच्या पत्रातले ते प्रसिद्ध वाक्य घ्या : काही जण जन्मतःच थोर असतात, काही जण थोरपण मिळवतात, आणि काहींच्या अंगावर ते लादले जाते. इंग्रजीत यातले ‘लादले’ आणि ‘अंगावर’ हे शब्द शेवटी येतात आणि सगळी गंमत त्यांत आहे. आपली मुले ‘सम आर बॉर्न ग्रेट’ छातीच्या भात्यातला सगळा वारा लावून सुरू करतात, आणि ‘थ्रस्ट अपॉन देम’पर्यंत पोहोचेतो भाता रिकामा झालेला असतो. दिग्दर्शक मागून ‘मोठ्याने!’ म्हणून ओरडतो, मूल सुरुवात आणखी मोठ्याने करते, आणि शेपूट आणखीच बुडते. याला उपाय साधा आहे, थोडा कंटाळवाणा आहे : शेवटच्या रांगेत एका मुलाला बसवायचे आणि रंगमंचावरच्या प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द त्याला परत उच्चारायला लावायचा. शब्द परत आला नाही, तर वाक्य पुन्हा. या नाटकाचा अर्ध्याहून अधिक भाग गद्य असल्यामुळे हा व्यायाम इथे विशेष लागू पडतो.

दारूच्या प्रसंगातल्या मराठीबद्दल मला तक्रार नाही, उलट कुतूहल आहे. शेक्सपिअरचे विनोदी नाटक आपल्या बोलीत आणण्यात काहीच वावगे नाही. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ची ‘त्राटिका’ केली आणि शाहूनगरवासी मंडळींनी ती गाजवली, आणि याच ‘ट्वेल्फ्थ नाइट’चा अतुल कुमार यांनी बसवलेला गाण्यांनी भरलेला हिंदी अवतार २०१२ साली लंडनच्या ग्लोबमध्ये झाला. तेव्हा मराठी आली म्हणून सभागृह हसले, एवढ्यावर मी थांबणार नाही. मी अशा वेळी मुलांचे खांदे पाहतो. इंग्रजी बोलताना ते कानांपर्यंत चढलेले असतात, कारण पाठ केलेले पुढचे वाक्य डोक्यात तयार ठेवायचे असते. मराठीत आल्याबरोबर खांदे खाली येतात, नट समोरच्याकडे बघतो, त्याचे वाक्य संपण्याची वाट पाहतो, आणि मग उत्तर देतो. लोक हसतात ते त्या ऐकण्याला. भाचीने आणि तिच्या मित्रांनी यावरून ‘अजून मराठी घाला’ असा निष्कर्ष काढला, तर वाईट होईल. इंग्रजी संवादही त्याच कानांनी ऐकता येतात का, हे त्यांनी पाहायला हवे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडचे विद्यार्थी-नाट्य प्रामुख्याने एकांकिका स्पर्धांवर पोसलेले आहे. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि त्याने मराठी रंगभूमीला दिलेल्या माणसांची यादी करायला बसलो, तर हे उत्तर इथेच संपेल. त्याचे ऋण मी स्वतःही मानतो. पण तासाभराच्या आत घड्याळाशी झुंजत सगळे सांगून टाकण्याची सवय मुलांच्या अंगात इतकी भिनते की मोठे नाटक हाती आले, तरी ती प्रत्येक प्रसंग स्पर्धेतल्या शेवटच्या पाच मिनिटांसारखा करतात. मध्यंतरानंतर तुम्ही थकलात, असे तुमच्या पत्रात कुठेही नाही, पण ते मला ओळींच्या मधून दिसते.

आता अंधारी खोली. पिवळे मोजे, त्यांवर आडव्यातिडव्या बांधलेल्या फिती आणि तोंडावर न मावळणारे हसू, असा पत्रातल्या आज्ञेनुसार सजून आलेला माल्व्होलिओ ऑलिव्हियाला वेडा वाटतो, आणि टोबी-मारिया मंडळी त्याला कोंडून ठेवतात. विदूषक फेस्टे पाद्र्याचे सोंग घेऊन बाहेरून त्याच्याशी बोलतो आणि खोलीत अंधार नाहीच, असे त्याला पटवू पाहतो. आतला माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो : मी वेडा नाही, इथे अंधार आहे. शेवटी तो ज्याला आजवर तुच्छ मानले त्या विदूषकाकडेच मेणबत्ती, लेखणी, शाई आणि कागद मागतो. तुम्हाला कसेतरी झाले ते इथे. याच प्रसंगात, माल्व्होलिओ आत विनवण्या करत असताना, बाहेर उभा असलेला टोबी म्हणतो की या लबाडीतून आता सुटलो म्हणजे बरे. त्याचे कारण नैतिक नाही. पुतणी आधीच रागावलेली आहे आणि आता घरातून हाकलले जाण्याची त्याला भीती आहे. तरी सगळ्या घरातला सर्वांत मोठा मस्करीखोर ‘आता पुरे’ म्हणतो, आणि तेही प्रेक्षक अजून हसत असताना. तुमच्या मनात जे आले ते शेक्सपिअरने टोबीच्या तोंडी आधीच घातले आहे. पुढे फेबियन सारवासारव करतो की यावर सूडापेक्षा हसूच यावे, आणि ऑलिव्हिया म्हणते की या माणसावर फार मोठा अन्याय झाला. दोघांची मते शेजारी-शेजारी ठेवून नाटककार बाजूला होतो. माल्व्होलिओ ‘तुम्हा सगळ्या टोळक्याचा सूड घेईन’ असे म्हणून निघून जातो, आणि त्याची समजूत काढून परत आणा, असे ऑर्सिनो सांगतो. पण तो परत आलेला आपल्याला दिसत नाही.

या माणसाने प्रेक्षकांना पहिल्यापासून ओढून घेतले आहे. राजा पहिला चार्ल्स याने आपल्या शेक्सपिअरच्या प्रतीत या नाटकाच्या नावाशेजारी स्वतःच्या हाताने ‘माल्व्होलिओ’ असे लिहून ठेवले होते, आणि १८८४ साली लंडनच्या लायसियम नाट्यगृहात हेन्री आयर्विंग या नटाने त्याला जवळजवळ शोकान्त नायकाच्या जागी नेऊन बसवले. मी स्वतः त्या टोकाला जात नाही. तो घमेंडखोर आहे, इतरांच्या आनंदावर विरजण घालणारा आहे, आणि त्याची थोडी जिरावी असे आपल्याला वाटलेच पाहिजे. तसे वाटले नाही, तर आपण त्या टोळक्यात सामीलच होत नाही, आणि मग पुढे अवघडायचे कारणही उरत नाही. मारिया त्याला ‘एक प्रकारचा प्युरिटन’, म्हणजे कडक धर्मशिस्तीच्या ख्रिस्ती पंथातला, म्हणते. पुढे त्याच पंथाचा जोर असलेल्या पार्लमेंटने १६४२ साली इंग्लंडमधली नाट्यगृहे बंद केली, हे आठवले की त्याचे शेवटचे वाक्य जरा वेगळे ऐकू येते.

मग बाकीचे सगळे का हसत होते? विद्यार्थ्यांच्या प्रयोगाला आलेले प्रेक्षक हे बहुतांशी मित्र असतात. त्यांना खोलीत कोंडलेला माल्व्होलिओ दिसत नाही. वसतिगृहातला, कालच आपल्याकडून इस्त्री मागून नेलेला मित्र पिवळे मोजे घालून हंबरडा फोडताना दिसतो, आणि त्याला हसणे स्वाभाविक आहे. विद्यार्थ्यांच्या प्रेक्षकवर्गाचे हे दुखणे जुनेच म्हणायचे. २८ डिसेंबर १५९४ रोजी लंडनच्या ग्रेज इन या दुसऱ्या वकिली संस्थेत ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ झाले, तेव्हा सभागृहात इतकी दाटी आणि इतका गोंधळ माजला की त्या रात्रीला ‘चुकांची रात्र’ असेच नाव पडले. तुम्ही तिथल्या मुलांपैकी भाची सोडून कोणालाच ओळखत नव्हता, म्हणून तुम्हाला पात्र दिसले. आणि जिला ओळखत होता तिच्याबाबतीत तुमचेही काहीसे मित्रांसारखेच झाले : राग मारियाचा यायला हवा होता, तो भाचीचा आला. अर्थात यात तिच्या कामाची पावतीही आहे.

मत मांडताना नाटक वेगळे आणि प्रयोग वेगळा ठेवायला मात्र शिकावे लागते, आणि याचे चांगले उदाहरण एका अतिशय नाखूश प्रेक्षकाचे आहे. सॅम्युअल पेपीस या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याने ‘ट्वेल्फ्थ नाइट’ तीनदा पाहिले आणि त्याला ते कधीच आवडले नाही. ६ जानेवारी १६६३ ला, म्हणजे नाटकाला ज्याचे नाव आहे त्या नाताळानंतरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ सणाच्याच दिवशी, त्याने रोजनिशीत लिहिले की काम चांगले झाले, पण नाटक अगदीच खुळचट आहे आणि त्याचा नावाशी किंवा त्या दिवसाशी काही संबंध नाही. १६६९ साली तर आपण पाहिलेल्या सर्वांत दुबळ्या नाटकांत त्याने ते घातले. नाटकाविषयीचे त्याचे मत मला मान्य नाही, पण ‘काम चांगले, नाटक खुळचट’ अशी फोड करण्याचे भान त्याला होते. तुमच्याही नोंदी तशा लावून पाहा. टोबीचे नाते न कळणे, खलाशी न कळणे, पत्र ऐकू न येणे, ओरडणे, हे प्रयोगाचे. अंधाऱ्या खोलीतली अस्वस्थता नाटकाची. आणि शेवटचे गाणे दोघांचेही : ‘पाऊस तर रोजच पडतो’ असे पालुपद असलेले ते गाणे फेस्टे रिकाम्या रंगमंचावर एकटा म्हणतो, तिथे मुलांकडे करामती करायला काहीच उरलेले नसते, म्हणून ते बहुतेक प्रयोगांत चांगले होते.

राहिला भाचीचा प्रश्न. ‘छान झालं’ म्हणालात यात खोटेपणा झाला असे मानू नका. प्रयोग संपल्यावर, तोंडाचा रंगही न पुसता धावत आलेल्या मुलीला दुसरे काही सांगायचेच नसते. त्या रात्री नटाला काहीही ऐकू येत नाही. तीन-चार दिवसांनी ती घरी आली की चहा पिताना सांगा, आणि सांगताना ‘तुम्ही ओरडत होता’ अशी सुरुवात न करता ‘मला पत्र ऐकू आले नाही, ते काय होते?’ असे विचारा. ती ते वाचून दाखवील. त्या क्षणी ती ते हळू आणि नीट वाचते की नाही, हे तुमच्याच लक्षात येईल, आणि बहुधा तिच्याही. टोबीला तुम्ही नवरा समजलात, हे जरूर सांगा. ती हसेल, चारचौघांत सांगेल, आणि ते दिग्दर्शकाच्या कानावर जाईल.

अंधाऱ्या खोलीबद्दल आपला राग सांगण्याऐवजी तिला एक प्रश्न विचारावा, असे मला वाटते. मारिया त्या प्रसंगात टोबीबरोबर बाहेर जाते आणि मग नाटक संपेपर्यंत परत येत नाही. शेवटच्या अंकात पत्र तिने लिहिले हे उघड होते, टोबीने त्याबद्दल तिच्याशी लग्न केले ही बातमी फेबियन सांगतो, माल्व्होलिओ सगळ्यांसमोर उभा राहतो; पण ज्या मुलीने हे सगळे घडवले ती तिथे नाही. तो मेणबत्ती मागू लागतो तेव्हा ती ऐकण्याच्या अंतराच्या पलीकडे गेलेली असते. तिथून निघताना मारियाला काय वाटत होते, हे भाचीला विचारा. तिच्याजवळ उत्तर नसेल तर घाई करू नका. पुढच्या प्रयोगाआधी ती ते शोधील.

आणि पुढचा प्रयोग खरोखर ठरला, तर आग्रह झाला तरी पुढच्या रांगेत बसू नका. मागून दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसा, आणि या वेळी फक्त वाक्यांचे शेवटचे शब्द येतात का तेवढे ऐका.